मोठ्या टेक कंपन्या सरकारने फोडाव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गूगल फोडणार म्हणे’, ‘फेसबुकला इन्स्टाग्राम विकायला लावणार म्हणे’ अशा बातम्या गेली काही वर्षं येतात आणि विरून जातात. एखाद्या निकालाच्या दिवशी चार मथळे झळकतात, पुढे सगळं सामसूम. या विषयावर गप्पा निघाल्या की लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिणाऱ्याला स्वतःचं मत आहे आणि ते लपवलेलं नाही.

फोडणं म्हणजे नेमकं काय करणं?

निम्मा वाद या एका शब्दाच्या गोंधळातून होतो. ‘फोडा’ म्हणणारे लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी मागत असतात.

पहिली गोष्ट आडवी फोड. एकच काम करणारी मोठी कंपनी घ्यायची आणि तिच्या तेच काम करणाऱ्या चार छोट्या कंपन्या करायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे झालेली खरेदी उलटवणं. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम घेतलं, तर ते परत वेगळं करा. तिसरी उभी फोड. बाजार चालवणारा आणि त्या बाजारात माल विकणारा एकच असेल तर त्याला सांगायचं, दोन्हीतलं एक ठेव, दुसरं सोड.

मला विचाराल तर पहिली बहुतेक वेळा निरर्थक, दुसरी उशिरा सुचलेलं शहाणपण आणि तिसरी खरोखर करण्यासारखी. का, ते पुढे येईलच.

असं पूर्वी कधी झालंय का?

झालंय, आणि तेही बाजाराचं गुणगान करणाऱ्या अमेरिकेतच. १८९० च्या मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याच्या आधारे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे करायला लावले. गंमत अशी की रॉकफेलर त्यामुळे गरीब झाला नाही. तुकड्यांच्या शेअरचे भाव चढले आणि तो आणखी श्रीमंत झाला. त्या तुकड्यांतल्या दोघांचे वारस, एक्सॉन आणि मोबिल, १९९९ मध्ये पुन्हा एक झाले.

टेक कंपन्यांच्या जवळचं उदाहरण मात्र टेलिफोनचं आहे. एटी अँड टी म्हणजे अमेरिकेचा जवळजवळ सगळा टेलिफोन होता. घरातली तार त्यांची, लांबच्या कॉलची लाइन त्यांची, भिंतीवरचं यंत्रसुद्धा त्यांच्याच कारखान्यातलं. सरकारने १९७४ मध्ये खटला भरला, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ पासून स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. लांबच्या कॉलचा धंदा एटी अँड टीकडे राहिला.

यात कळीचा मुद्दा सात हा आकडा नाही. त्या सातही कंपन्या आपापल्या प्रदेशात मक्तेदारच होत्या, घराजवळच्या तारेत स्पर्धा आली नाही. बदललं ते असं की स्थानिक तार ज्याच्या हातात आहे त्याला आता लांबच्या कॉलच्या एकाच कंपनीचे लाड करण्यात काही स्वार्थ उरला नाही. एमसीआय आणि स्प्रिंटसारख्या कंपन्यांना त्याच तारेवर बरोबरीने जागा मिळाली. लांबच्या कॉलचे दर उतरले. दुसरीकडे स्थानिक दर चढले, कारण आधी एकाच्या नफ्यातून दुसऱ्याचा तोटा भरून निघत होता. आणि २००५ मध्ये त्या सात पोरांपैकी एकाच्या वारसाने आपल्या जुन्या आईलाच विकत घेतलं आणि तिचं नावही लावलं.

मायक्रोसॉफ्टचं काय झालं होतं?

१९९८ मध्ये खटला, जून २००० मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याचा आदेश, २००१ मध्ये अपिलात तो आदेश रद्द. मायक्रोसॉफ्टने मक्तेदारी टिकवण्यासाठी कायदा मोडला हे अपील न्यायालयानेही मान्य केलं, पण तुकडे टळले. खटला चालू असतानाच न्यायाधीश जॅक्सन पत्रकारांशी बोलत होते, ते त्यांना आणि सरकारला भोवलं. मात्र कंपनीवर पुढे बरीच वर्षं देखरेख राहिली. त्या काळात मायक्रोसॉफ्टला हात आखडता घ्यावा लागला म्हणूनच गूगल वाढू शकलं, असं मानणारे पुष्कळ आहेत. सिद्ध करणं कठीण, पण अगदीच अविश्वसनीय नाही.

ही सगळी अमेरिकेची कथा. आपल्याकडे कोणी काही फोडलंय का?

तुमच्या घरच्या वीजबिलावर बघा. ‘महावितरण’ हे नाव कुठून आलं?

१९६० पासून महाराष्ट्रात वीज म्हणजे एमएसईबी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. वीज तयार करणं, मोठ्या वाहिन्यांवरून वाहून आणणं आणि घरोघर पोचवणं, सगळं एकाच छताखाली. २००३ चा वीज कायदा आला आणि ६ जून २००५ रोजी मंडळाच्या कंपन्या झाल्या: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक सूत्रधारी कंपनी. पाचवीतल्या मुलालाही कळेल इतकी नावं सरळ आहेत. सरकारी कामात हे क्वचित घडतं.

त्या कायद्यात एक छोटंसं कलम आहे. वीज वाहून नेण्याचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याने विजेचा व्यापार करायचा नाही. रस्ता ज्याचा, त्याने त्या रस्त्यावर दुकान थाटायचं नाही. टेक कंपन्यांबद्दल जगभर जो वाद चालू आहे, त्याचं सार या एका ओळीत आहे, आणि ती ओळ आपल्याकडे कोणी आंदोलन न करता मंजूर झाली.

आता खरं तेही सांगायला हवं. मंडळाचे तुकडे झाले म्हणून बिलं कमी झाली नाहीत. ग्रामीण भागातल्या ग्राहकाला महावितरणशिवाय पर्याय मिळाला नाही. लोकांच्या तोंडी अजूनही ‘एमएसईबीचा माणूस आलाय’ असंच असतं, त्यात बरंच काही आलं.

मुंबईच्या उपनगरांत मात्र वेगळी गोष्ट घडली. २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २००९ मधला वीज नियामक आयोगाचा आदेश यानंतर, रिलायन्सच्या तारा दारापर्यंत आलेल्या असतानाही, ग्राहकाला त्याच तारांवरून टाटांची वीज घेता येऊ लागली. तार एकाची, वीज दुसऱ्याची. लाखो लोकांनी पुरवठादार बदलला, आणि त्यासाठी कोणाची कंपनी फोडावी लागली नाही. (ते रिलायन्सचं जाळं २०१८ पासून अदानींकडे आहे.)

बरं, गूगलच्या खटल्याचा निकाल काय लागला?

गूगलवर अमेरिकेत सरकारचे दोन मोठे खटले आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

पहिला सर्चचा. ऑक्टोबर २०२० मध्ये दाखल झाला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली आहे, असा निकाल दिला. मेहतांचा जन्म गुजरातमधल्या पाटणचा. मार्ग कोणता? नवा फोन किंवा ब्राउझर उघडला की आधी गूगलच समोर यावं यासाठी पैसे मोजायचे. २०२१ या एका वर्षात गूगलने यासाठी २६ अब्ज डॉलरहून जास्त दिले. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर. माल इतका उत्तम असेल तर लोकांनी तो बदलू नये म्हणून एवढे पैसे कशाला, हा प्रश्न कुठल्याही दुकानदाराला पडेल.

शिक्षा ठरवायची वेळ आली तेव्हा सरकारने क्रोम ब्राउझर विकायला लावा अशी मागणी केली. परप्लेक्सिटी नावाच्या छोट्या एआय कंपनीने तर क्रोमसाठी साडेचौतीस अब्ज डॉलरची बोलीही जाहीर केली. उंट घ्यायचा आणि खिशात शेळीचे पैसे. सप्टेंबर २०२५ मध्ये मेहतांनी क्रोमची विक्री नाकारली. ‘फक्त आम्हीच’ अशा अटीचे करार बंद, काही विदा (डेटा) प्रतिस्पर्ध्यांना द्यायचा, पण पैसे देणं चालू ठेवता येईल. चॅटबॉटमुळे सर्चचा बाजार बदलतो आहे हे त्यांनी हात आवरण्याचं एक मोठं कारण मानलं. मला हा निकाल मिळमिळीत वाटतो. पण क्रोम विकल्याने त्या करारांचा प्रश्न सुटला असता का, याचं पटणारं उत्तर सरकारनेही दिलं नव्हतं.

आणि दुसरा खटला?

दुसरा जाहिरातींचा. त्याची चर्चा कमी होते, आणि फोडण्याची खरी गरज तिथेच आहे.

तुम्ही एखाद्या मराठी वृत्तपत्राचं पान फोनवर उघडता. बातमी दिसायच्या आत बाजूच्या रिकाम्या जागेचा लिलाव होऊन गेलेला असतो. वृत्तपत्राने जागा विकायला एक साधन वापरलेलं असतं. जाहिरातदाराने जागा घ्यायला दुसरं वापरलेलं असतं. मध्ये एक बाजार असतो, तिथे बोली लागते. आता ही तिन्ही ठिकाणं एकाच कंपनीच्या हातात आहेत असं समजा. समजायला नको, तसंच आहे.

बाजार समितीत माल नेणाऱ्या शेतकऱ्याला हे दोन मिनिटांत कळेल. तुमचा माल विकून देणारा अडत्या तोच, काटा त्याचाच, खरेदीदाराचा दलालही तोच, आणि लिलाव पुकारणाराही तोच. वर रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तो तुम्हाला दिसत नाही. गूगलच्या बाजाराची दलाली साधारण २० टक्के. शंभर रुपयांची जाहिरात लागली की वीस तिथेच गेले. गूगलच्याच एका अधिकाऱ्याने अंतर्गत ईमेलमध्ये लिहून ठेवलं होतं की हे म्हणजे एखाद्या मोठ्या बँकेने न्यूयॉर्कचा शेअर बाजारच बाळगण्यासारखं आहे.

हे सगळं २००८ मध्ये पूर्ण झालेल्या डबलक्लिक या ऑनलाइन जाहिरातींच्या कंपनीच्या खरेदीतून उभं राहिलं. ३.१ अब्ज डॉलरचा तो सौदा सरकारी परवानगीनेच झाला होता. एप्रिल २०२५ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी प्रकाशकांचं साधन आणि लिलावाचा बाजार, या दोन्ही ठिकाणी गूगलची बेकायदा मक्तेदारी आहे असा निकाल दिला. सरकारने लिलावाचा बाजार विकायला लावण्याची मागणी केली. ती योग्य आहे असं मला वाटतं. त्याने वापरणाऱ्याचं काही बिघडत नाही, सर्च बंद पडत नाही, जीमेल जात नाही. फक्त अडत्या आणि लिलाव पुकारणारा वेगळे होतात.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप वेगळे होणार आहेत का?

हे दोन्ही वेगळे करा म्हणून अमेरिकी सरकारने फेसबुकवर खटला भरला होता, त्यात सरकार हरलं. फेसबुकने इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला घेतलं तेव्हा तिथे १३ माणसं कामाला होती. २०१४ मध्ये व्हॉट्सॲप १९ अब्जांना घेतलं. स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणं बरं, अशा आशयाचं झुकरबर्ग यांचं २००८ चं ईमेल सरकारने न्यायालयात दाखवलं. एवढा पुरावा असून नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश बोसबर्ग यांनी मेटाच्या (हे फेसबुक कंपनीचं आताचं नाव) बाजूने निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं की मक्तेदारी आज आहे का ते बघायचं, आणि आज मेटासमोर टिकटॉक आणि यूट्यूब उभे आहेत.

खटला २०२० चा, सौदे २०१२ आणि २०१४ चे, निकाल २०२५ चा. खीर खाऊन ताट धुऊन झाल्यावर चोरी झाली का याची चौकशी. सौदा होतानाच अडवायला हवा होता. भारताने यातून थोडं शिकून घेतलं आहे: सप्टेंबर २०२४ पासून दोन हजार कोटींवरच्या आणि भारतात बऱ्यापैकी कारभार असलेल्या कंपनीच्या खरेदीला स्पर्धा आयोगाची (बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी लागते, मग त्या कंपनीची उलाढाल किरकोळ का असेना. इन्स्टाग्रामसारख्या कमाई नसलेल्या कंपनीचे सौदे जुन्या नियमांतून अलगद सुटायचे.

पण सगळं फुकट मिळतंय. ग्राहकाचं नुकसान काय?

हाच युक्तिवाद अमेरिकेत चाळीसेक वर्षं चालला. भाव वाढला नाही म्हणजे नुकसान नाही. कायद्याच्या अभ्यासक लीना खान यांनी याला आव्हान दिलं आणि वयाच्या बत्तिशीत, २०२१ मध्ये, त्या तिथल्या व्यापार आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. फुकट मिळणाऱ्या गोष्टीत किंमत भावात दिसत नाही. ती बिघडलेल्या दर्जात, जास्तीच्या जाहिरातींत, विकल्या गेलेल्या माहितीत दिसते. आणि विक्रेत्याकडून घेतलेल्या दलालीत, जी शेवटी तुमच्याच बिलात येते.

व्हॉट्सॲपचे चार तुकडे केले तर आमच्या सोसायटीचा ग्रुप कुठे जाणार?

रास्त प्रश्न, आणि आडवी फोड का फसते त्याचं हेच उत्तर. जिथे सगळे आहेत तिथेच सगळ्यांना यायचं असतं. चार व्हॉट्सॲप केले तर दोन वर्षांत पुन्हा एकच उरेल.

इथे उपाय तोडण्याचा नाही, जोडण्याचा आहे. तुम्ही गूगल पे वापरता, भाजीवाल्या मावशींकडे फोनपेचा क्यूआर आहे, पैसे जातात. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं तेव्हापासून हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विशेष वाटत नाही. उद्या नियम असा आला असता की फोनपेवाल्याने फक्त फोनपेवाल्यालाच पैसे पाठवावेत, तर? मेसेजच्या बाबतीत आपण नेमकं तेच मुकाट सोसतो. युरोपच्या डिजिटल बाजार कायद्याने हे बदलायला घेतलं आहे. तिथे दुसऱ्या मेसेजिंग सेवेने मागणी केली तर व्हॉट्सॲपला तिच्याशी जोडून घ्यावं लागतं.

यूपीआयलाही कोपरे आहेत. जाळं सगळ्यांना खुलं असूनही सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच आहेत. यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या एनपीसीआयने २०२० मध्ये एका ॲपला जास्तीत जास्त ३० टक्के अशी मर्यादा ठरवली, पण ती लागू करायची तारीख पुढेपुढे जात ३१ डिसेंबर २०२६ वर येऊन थांबली आहे. मोठ्याला आवरायचं ठरवणं सोपं, आवरताना कोट्यवधी लोकांचं रोजचं पैशाचं काम अडवायचं धाडस कोणाला होत नाही.

भारत सरकारला कंपनी फोडण्याचा अधिकार आहे का?

आहे, आणि बहुतेकांना तो माहीत नसतो. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम २८ म्हणतं की वर्चस्व असलेल्या उद्योगाने त्याचा गैरवापर करू नये यासाठी आयोग त्याचं विभाजन करण्याचा आदेश देऊ शकतो. त्यात एक बारकावाही घातलेला आहे: विभाजनामुळे ज्या अधिकाऱ्याचं पद जाईल त्याला भरपाई मागता येणार नाही. कायदा लिहिणाऱ्याला माणसांची चांगली पारख असावी. त्याआधीच्या १९६९ च्या एमआरटीपी (मक्तेदारीवर बंधनं घालणाऱ्या) कायद्यातही विभाजनाची तरतूद होती. टेक कंपनीवर हे हत्यार कोणी उगारलेलं नाही.

आयोगाचा भर दंड आणि आदेशांवर राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड झाला. त्याच महिन्यात प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दल ९३६.४४ कोटींचा दुसरा, जो अपिलात २१६.६९ कोटींवर आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणाबद्दल मेटाला २१३.१४ कोटी. या कंपन्यांच्या हिशेबात हे आकडे चहापाण्याचे. आदेशांनी मात्र थोडं काम केलं: २०२३ पासून फोन बनवणाऱ्यांना गूगलची ॲप एकगठ्ठा घेण्याची सक्ती राहिली नाही.

ॲमेझॉन, फ्लिपकार्टवर ‘बाजार चालवणाऱ्याने माल विकू नये’ हा नियम आहेच ना?

कागदावर आहे. परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजाराला स्वतःचा माल विकता येत नाही, आणि फेब्रुवारी २०१९ पासून ज्या विक्रेत्यात त्याची भागीदारी आहे त्याचाही विकता येत नाही. ॲमेझॉनवरचा मोठा विक्रेता क्लाउडटेल २०२२ मध्ये बंद झाला तो याच वातावरणात. पण हा नियम परदेशी गुंतवणुकीच्या धोरणातून आलेला आहे, स्पर्धेच्या कायद्यातून नाही. त्यामुळे पूर्ण देशी भांडवलाच्या बाजाराला तो लागूच होत नाही. तत्त्व चांगलं, पण पासपोर्ट बघून लावलेलं. मला हे पटत नाही. दुकानदाराचं नुकसान करणारा देशी आहे की परदेशी, याने गल्ल्यात फरक पडत नाही.

नवा डिजिटल स्पर्धा कायदा येणार होता, त्याचं काय?

मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. गुन्हा झाल्यावर वर्षानुवर्षं खटला चालवण्यापेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच नियम घालून द्यायचे, ही युरोपच्या धर्तीची कल्पना. त्यावर कंपन्यांनी हरकती घेतल्या, काही भारतीय स्टार्टअपही घाबरले. मसुदा अजून कायदा झालेला नाही.

मोठ्या कंपन्या फोडल्या तर संशोधन थांबेल ना?

एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि मक्तेदारीच्या पैशावर असं संशोधन होतं हा मुद्दा खोटा नाही. पण गोष्टीचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. १९५६ मध्ये सरकारने याच कंपनीला तिची जुनी पेटंटं इतरांना विनामूल्य वापरू द्यायला लावली. ट्रान्झिस्टर प्रयोगशाळेतून बाहेरच्या जगात पसरण्यात त्या सक्तीचाही वाटा होता.

साध्या माणसाला यात काही करता येतं का?

स्पर्धा आयोगाकडे कोणीही माहिती दाखल करू शकतं. तुम्ही त्या कंपनीचे ग्राहक असलंच पाहिजे असंही नाही. व्यक्तीसाठी शुल्क पाच हजार रुपये, वकील लावण्याची सक्ती नाही. गूगलला १,३३७ कोटींचा दंड ज्या प्रकरणात झाला, ते कुठल्या प्रतिस्पर्धी कंपनीने आणलं नव्हतं. स्पर्धेच्या कायद्याचं संशोधन करणारे दोन तरुण आणि कायद्याचा एक विद्यार्थी, अशा तिघांनी अर्ज केला होता.